एका माणसाचं वजन

१

बोट काठाला लावायची तर दोन माणसं लागतात, असं माझा नवरा नेव्हिल जन्मभर सांगत आला. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने दोर घेऊन काठावर उतरायचं. तो गेल्यावर ही दोन्ही कामं मी एकटीने करायला शिकले. इंजिन उलटं फिरवून बोट जवळजवळ थांबवायची, मधला दोर मुठीत धरायचा आणि पाय उचलून सरळ काठावर. सदुसष्ट वर्षांच्या बाईने असली सर्कस करू नये हे मलाही कळतं. पण करते.

लार्कमीडच्या काठाला मी ऑक्टोबरातल्या एका सोमवारी लागले. जागा झकास होती. पाणी खोल, काठ नवा, दोर अडकवायला लोखंडी कड्यासुद्धा बसवलेल्या, त्यामुळे खुंट्या ठोकत बसायला नको. झुडपांच्या पलीकडे ते नवं गाव. दहा वर्षांपूर्वी तिथे कोबी व्हायचा. आता चारशे घरं आहेत, सगळी एका साच्यातली. प्रत्येक घराला धुराडं आहे आणि एकाही घरात शेगडी नाही. मध्ये घड्याळाचा मनोरा आहे, तळं आहे, तळ्यात बदकं आहेत. नेव्हिल असता तर म्हणाला असता, बदकं आधी नकाशात काढली असतील आणि मग आणून सोडली असतील.

चाळीस फुटांची ‘मूरहेन’ हे आमचं घर, एकोणीस वर्षांचं. कालव्यावरचा नियम असा की एका जागी चौदा दिवसांच्या वर थांबायचं नाही. आम्हाला त्याचं कधी काही वाटलं नाही.

माझी मुलगी टॅमसिन हिला मात्र फार वाटायचं. बाप गेल्यावर तिने तिच्या घरातली मागची खोली माझ्यासाठी रंगवून घेतली. फिकट पिवळी. मी तिला म्हटलं होतं, “एक हिवाळा मला बोटीवर एकटीने काढू दे. नाही जमला तर बोट विकून टाकू. मग मी येते आणि जन्मभर तुझ्या टीव्हीसमोर बसून तुझं डोकं खाते.” ती हसली नाही, पण कबूल झाली. दर रविवारी तिचा फोन यायचा. “आई, ठीक आहेस ना? खरं सांग.”

मी खरं सांगत नव्हते. खरं असं होतं की दुपारी चारनंतर मला बोट खायला उठायची. मी रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला उत्तरं द्यायचे. ती म्हणायची, उद्या वाऱ्याचा जोर राहील. मी म्हणायचे, राहू दे बाई, आपलं काय जातंय.

२

बोटीच्या आत बसलं की खिडक्या काठाच्या जमिनीला लागून येतात. काठच्या पायवाटेवरून जाणाऱ्या माणसाचे गुडघ्यापासून खालचे पाय तेवढे दिसतात. एकोणीस वर्षांत मी माणसं बुटांवरूनच ओळखायला शिकले आहे.

लार्कमीडच्या बुटांचा दिनक्रम ठरलेला होता. सकाळी सात ते पावणेआठ सगळे डावीकडून उजवीकडे, स्टेशनाकडे. काळे बूट, टाचांचे बूट, ऑफिसला जाऊन बदलायचे म्हणून घातलेले पळायचे बूट. मग दिवसभर शुकशुकाट. सहा वाजले की तीच वरात उलटी, उजवीकडून डावीकडे, गावाकडे. जाताना कोणी कोणाशी बोलायचं नाही, येतानाही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला एक तपकिरी जोड उजवीकडून डावीकडे गेला. पुरुषाचा, दोऱ्यांचा, जुन्या पद्धतीचा. डावी टाच बाहेरून झिजलेली. संध्याकाळी सहाच्या गर्दीत तोच जोड परत उजवीकडून डावीकडे.

चौथ्या दिवशीही तसंच. सकाळी आत, संध्याकाळी आत.

आता गावाला मोटारीचा रस्ता आहे, तिकडून बाहेर पडत असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण दिवसातून दोनदा लांबचा वळसा घालून कोण कशाला येईल? पाचव्या दिवशी मी विणकाम घेऊन उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत खिडकीपाशी बसले. हातमोज्याचा अंगठा दोनदा चुकला. तो जोड दोनदा आत गेला आणि एकदाही बाहेर आला नाही.

आणखी एक गोष्ट मला त्याच दिवशी दिसली. आठवडाभर रिपरिप चालली होती आणि पायवाटेचा नुसता राडा झाला होता. सगळ्यांचे बूट चिखलाने माखलेले. तपकिरी जोडाला मात्र कणभरही चिखल नव्हता.

३

गावात एकच दुकान आहे. दूध, पाव आणि न परवडणारी कॉफी मिळते. गल्ल्यावर इमोजेन नावाची तिशीची मुलगी असते. ती तिथेच, तळ्यासमोरच्या ओळीत राहते.

“त्या हिरव्या बोटीवरच्या तुम्हीच ना?” ती म्हणाली. “धूर येतो तुमचा.”

“येणारच. आमच्याकडे धुराडं आहे आणि त्याच्याखाली शेगडीही आहे.”

तिला टोमणा कळला. हसली. बोलायला माणूस हवंच होतं तिला. दिवसभरात तिच्याकडे येतं तरी कोण? मी हळूच विषय काढला. तपकिरी बूट घालणारा कोणी इथे राहतो का? थोडा लंगडत चालणारा?

“बूट कोण बघतं हो?” ती म्हणाली. मग पावाला किमतीची चिठ्ठी लावता लावता थांबली. “सकाळी म्हणजे किती वाजता?”

“तुमच्या ओळीत पोचायला सव्वादहा होत असतील.”

“आमच्याकडे बेल वाजते त्या वेळेला. माझी, मग शेजारची, मग तिच्या पलीकडची. अख्खी ओळ. आज आमची, उद्या मागची. फोनवर दाराचा कॅमेरा दिसतो ना, त्यात बघितलं तर कोणीच नसतं. बेलवाले म्हणतात, तारेत काहीतरी आहे.”

“दार उघडून बघितलंत का कोणी?”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

“कशाला? कोणी नाहीये हे दिसतंच की.”

मी दूध घेऊन निघाले. परतताना तळ्यासमोरच्या ओळीतून मुद्दाम गेले. बेलच्या खाली प्रत्येक दारात पायपुसणं होतं आणि सगळी पायपुसणी कोरी करकरीत होती. कुठूनही आवाज नाही. नवऱ्यामागे एकटी पडलेली मी एकटीच आहे असं समजत होते. तिथे तर चारशे दारं होती.

४

आमच्या लोकांत एक रीत आहे. दुसऱ्याच्या बोटीवर न विचारता पाय ठेवायचा नाही. बोट म्हणजे कोणाचं तरी घर, आणि पाय ठेवताच सगळं घर हलतं. म्हणून आधी छतावर दोन टकटका मारायच्या. आतल्याने ओरडायचं, “या, वर या!” की मगच चढायचं. आतला माणूस कामात असतो, खिडकीतून चेहरा दिसत नाही, म्हणून कोण आहे ते कोणी विचारत बसत नाही. कालव्यावर टकटक करणारा आपलाच असतो.

नवव्या दिवशी, मंगळवारी, सकाळचे अकरा वाजले असतील. माझे दोन्ही हात पिठात होते. छतावर टकटक झाली. दोनदा, अगदी रीतीप्रमाणे.

“या, वर या!” मी ओरडले.

बोट मागच्या बाजूने किंचित खाली गेली. माणूस चढला की जाते तशीच. दिव्याची साखळी हलली. मग तोल हळूहळू पुढे सरकला, पायऱ्या उतरून कोणी आत आल्यासारखा. मी पीठ झटकत वळले, तोंडावर हसू होतं.

पायऱ्यांवर कोणी नव्हतं. दार मी सकाळी उघडंच ठेवलं होतं, ते तसंच उघडं होतं. बाहेर पायवाट रिकामी. मी हातातलं पीठ तसंच घेऊन किती वेळ उभी होते कोणास ठाऊक. तोवर माझ्या शेजारून काहीतरी गेलं असावं. कारण बोट डावीकडे, नेव्हिलच्या खुर्चीच्या बाजूला कलली आणि तिथेच राहिली.

५

मी भ्याले. भीती वाटली हे लपवण्यात काही अर्थ नाही. पण मी हिशोबी बाई आहे, हातपाय गाळून बसणाऱ्यातली नाही. बोट कलते ती वजनाने, आणि वजन कशाचंही असू शकतं. मी पाण्याची टाकी बघितली. कोळशाच्या गोण्या मोजल्या, त्या उजव्या बाजूला होत्या. कालव्याचं पाणी उतरून बोट तळाला टेकली असेल म्हणून लांब बांबू घेऊन चारी बाजूंनी खाली टोचून बघितलं. खाली भरपूर पाणी होतं.

शेवटी मी दिव्याकडे बघितलं. छतातून साखळीला टांगलेला आमचा जुना दिवा. नेव्हिल डावीकडच्या खुर्चीत बसायचा. तो गेल्यापासून बोट उजवीकडे कललेली होती आणि ती सरळ करायचं माझ्या जिवावर यायचं. दिवा तेव्हापासून तिरका लोंबायचा. आता तो बरोबर सरळ लोंबत होता.

तुम्ही म्हणाल तेच माझ्याही मनात आलं. मी खुर्चीसमोर उभी राहून त्याला हाक मारली. पण तो नेव्हिल नव्हता. नेव्हिल उठला-बसला की कपाटातली भांडी वाजायची. हे वजन सावकाश होतं, अवघडलेलं, नव्याने पाहुणा आलेल्या माणसासारखं. मी स्वयंपाकघरात गेले की ते जागचं हलायचं नाही. मी समोर येऊन बसले की जरासं पुढे सरकायचं. दिव्यावरून कळायचं.

पहिल्या दिवशी मी बाहेर काठावर छत्री घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी आत बसले, पण दाराजवळ. तिसऱ्या दिवशी दोन अंडी जास्त पडली कढईत, तेव्हा माझं मलाच आश्चर्य वाटलं.

टॅमसिनला कळवायचा प्रश्नच नव्हता. आई रिकाम्या खुर्चीशी बोलते हे कानावर गेलं असतं तर ती पिवळी खोली माझ्या गळ्यातच पडली असती.

६

शुक्रवारी जॉस आला. जॉस कोळशाची बोट चालवतो. कोळसा, डिझेल, गॅस आणि सगळ्या कालव्याच्या चहाड्या. मी त्याला कालव्यावर आल्यापासून ओळखते. त्याने आपली बोट माझ्या बोटीला लावली आणि बसल्या जागेवरूनच डोळे बारीक केले.

“थेल्मा! कोण आलंय गं तुझ्याकडे?”

“कोणी नाही.”

“मला शिकवतेस? मार्चपासून ही बोट उजवीकडे लंगडतेय. आज बघ, ओळंब्यात आहे. सत्तर किलोचा माणूस आहे, एखादा किलो इकडेतिकडे. नेव्हिलच्या खुर्चीत बसलाय.”

“गोण्या सरकवल्या मी.”

“गोण्या उजवीकडेच दिसताहेत मला.” तो खुसखुसला. “अगं, लाजतेस काय? नेव्हिलला जाऊन सात महिने झाले. मी काय टॅमसिनला सांगणार आहे? तीन गोण्या पुरेत ना? का आता दोघांच्या हिशोबाने देऊ?”

मी चहाला ये म्हटलं. अगदी गयावया केली म्हणा ना. जॉस कधी चहाला नाही म्हणत नाही. पण त्याने गोण्या काठावर उतरवल्या आणि मान हलवली. “नको. माणसं बसली असताना मी कशाला कडमडू?”

त्याचं इंजिन सुरू झालं. मी दारात उभी होते. जाता जाता जॉसने टोपी उचलली, ओळख दाखवायला उचलतात तशी. पण त्याची नजर माझ्यावर नव्हती. तो माझ्या पलीकडे, खुर्चीशेजारच्या खिडकीकडे बघत होता, आणि कोणीतरी उलट ओळख दाखवल्यासारखा तोंड भरून हसला.

मी त्याला हाका मारल्या. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू आल्या नाहीत.

७

चौदावा दिवस रविवार होता. निघायलाच हवं होतं. दोर सोडायच्या आधीच टॅमसिनचा फोन आला.

“आई, ठीक आहेस ना? खरं सांग.”

“ठीक आहे गं.”

“एकटं एकटं वाटत नाही ना?”

“नाही,” मी म्हणाले, आणि ते खरं होतं. त्या सगळ्या महिन्यांत तिच्याशी बोललेलं पहिलं खरं वाक्य. रेडिओ मी मंगळवारपासून लावलाच नव्हता. सगळं बोलणं खुर्चीशी चाललं होतं. काय खायचं, कुठे थांबायचं, नेव्हिल शेवटी शेवटी कसा वागायचा. मी एकटीने हिवाळा काढायचा शब्द दिला होता, आणि हिवाळा सुरू व्हायच्या आत मी घरात कोणाला तरी घेतलं होतं. कोणाला, ते मला माहीत नव्हतं.

मी ठरवलं. याला उतरवायचं.

अर्ध्या मैलावर लॉक आहे. दोन दरवाज्यांच्या मध्ये बोट घ्यायची, पाणी भरू द्यायचं, आणि बोट उचलली जाऊन वरच्या कालव्याच्या पातळीला येते. लॉक पूर्ण भरला की बोट आणि जमीन एका पातळीत. कोणालाही सहज उतरता येतं. तिथे पोचून, लॉक भरून घेऊन मी दोर काठावरच्या खुंटाला गुंडाळला, वरचा दरवाजा ढकलून उघडला, मग दारात येऊन उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, “इथे उतरायला सोपं आहे. तुम्ही आता जा. मला पुढे एकटीला जायचंय.”

थोडा वेळ काही झालं नाही. मग बोट मागे कलली, मागच्या बाजूला दबली आणि एकदम हलकी होऊन वर आली. ‘मूरहेन’ उजवीकडे झुकली, जुन्या सवयीने.

तो गेला. इतक्या सरळपणे गेला की मला ओशाळल्यासारखं झालं. हाकलावं लागलं नाही, सांगताच उठला.

तेव्हाच निघायला हवं होतं. इंजिन चालू होतं, दरवाजा उघडा होता, दोर ओढला की झालं. पण चहाचं पाणी उकळत होतं म्हणून मी आत गेले. दिवा तिरका लोंबत होता. खुर्चीची उशी सपाट झाली होती. पुढे नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. चार वाजता पडणारा अंधार, आणि वाऱ्याचा जोर राहील म्हणणारी ती बाई. मी शेगडीच्या दांड्याला धरून उभी राहिले आणि नेव्हिलच्या वेळीही रडले नव्हते इतकी रडायला लागले. मला एकटीने राहायचं नव्हतं. कधीच नव्हतं. एवढं साधं कबूल करायला मला सात महिने लागले.

“या,” मी म्हणाले. “वर या.”

मग खिडकीतून बघितलं.

लॉकच्या कडेला, खिडकीला लागून, तपकिरी बूट उभे होते. चवडे माझ्याकडे. ते तिथून हललेच नव्हते. त्यांच्या मागे काळा जोड होता. त्याच्या मागे बायकांचे सपाट बूट, एकाची नाडी सुटलेली. मग घरात घालायच्या सपाता. मग आणखी. काठावरून, वळणावरून, झुडपांपर्यंत. ओल्या पाल्याचा खच पडला होता आणि एकाही बुटाला पान चिकटलेलं नव्हतं. कोणी कोणाला ढकलत नव्हतं. आमच्याकडे बसथांब्यावर उभे राहतात तसे सगळे शहाण्यासारखे रांगेत उभे होते.

बोट दबली. दिवा सरळ झाला. पुढच्याने जरा थांबून आधीच्याला बसू दिलं, मग बोट परत दबली. दिवा दुसऱ्या बाजूला गेला. तिसऱ्यांदा दबली. चौथ्यांदा. मागच्या दाराच्या उंबऱ्याशी पाण्याचा चुळूकचुळूक आवाज यायला लागला, आणि खिडकीतली रांग काही कमी झाली नव्हती.

एक शब्द पुरला असता. सांगितलं की ऐकतात, हे मी नुकतंच बघितलं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण सगळे इतके अवघडून बसले होते, आणि कोणी काही बोलत नव्हतं. मी डोळे पुसले आणि कपाटातून कप काढायला लागले.